प्रतिमा-स्केलिंग (एम्बेडेड कॅमेऱ्यातील)

सेन्सरने टिपलेली प्रतिमा हव्या त्या मापाची करणे. एम्बेडेड कॅमेऱ्यात हे काम तीन ठिकाणी होऊ शकते: खुद्द सेन्सरमध्ये, इमेज सिग्नल प्रोसेसर म्हणजे आयएसपीमध्ये, किंवा प्रतिमा मेमरीत उतरल्यावर सीपीयू वा जीपीयूवर. वीज वाचवायची तर सेन्सर आणि दर्जा हवा तर आयएसपी, असे ढोबळ उत्तर सर्रास दिले जाते. खरा निर्णय वाटेतल्या सर्वांत अरुंद टप्प्यावर ठरतो. मोठी कपात त्याच्या आधी आणि नेमके माप त्याच्यानंतर, ही विभागणी बहुधा सरस पडते.

२०१६ साली आलेल्या रास्पबेरी पाय कॅमेरा मॉड्यूल २ मधील सोनी आयएमएक्स२१९ सेन्सर ३२८० × २४६४ पिक्सेलांचा आहे. दर पिक्सेलला १० बिट धरले तर सेकंदाला ३० पूर्ण फ्रेम पाठवायला सुमारे २.४२ गिगाबिट लागतात. त्याच्या दोन सीएसआय-२ लेन, म्हणजे प्रतिमा वाहून नेणाऱ्या वाटा, मात्र लिनक्स ड्रायव्हरच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येकी ९१२ मेगाबिटांनी, म्हणजे मिळून १.८२ गिगाबिटांनी चालतात. आयएसपीचा स्केलर कितीही चांगला असो, पूर्ण प्रतिमा त्याच्यापर्यंत या वेगाने पोचतच नाही. सेन्सरमधल्या २ × २ बिनिंगने, म्हणजे सारख्या रंगाचे शेजारचे पिक्सेल एकत्र केल्याने, प्रतिमा १६४० × १२३२ होते, भार ६०६ मेगाबिटांवर येतो आणि दृश्याचा एकही कोपरा सुटत नाही. १२८० × ७२० व्हिडिओ हवा असेल, तर यातला १६:९ पट्टा घेऊन तो १.२८ पटीने लहान करणे आयएसपीवर सोपवावे.

मग सगळेच सेन्सरमध्ये का उरकू नये? कारण तिथला डेटा बायर स्वरूपाचा असतो: एका पिक्सेलला एकच रंग, तोही एकाआड एक. सारख्या रंगाचे शेजारी एकत्र करणे सोपे, १.२८ सारखे अपूर्णांकी माप तिथे जमवायला गेले की बारीक रेघांवर खोटे रंग आणि दातेरी कडा उमटण्याचा धोका वाढतो. आयएसपी आधी तिन्ही रंग भरून काढतो, म्हणून त्याच्या फिल्टरला काम करायला पुरेसा ऐवज मिळतो. याच सेन्सरची १९२० × १०८० पद्धत ७२० ओळींना अधिक जवळची वाटते, पण ते स्केलिंग नव्हे, मधला तुकडा कापणे आहे. दृश्याची जेमतेम ५८.५ टक्के रुंदी उरते. दूरची नंबरप्लेट वाचायची असेल तर हा तोटा लाभाचा; खोलीभर नजर ठेवायची असेल तर घातक.

सॉफ्टवेअरमध्ये हवा तो फिल्टर वापरता येतो, हा आक्षेप रास्त आहे. त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते: १६४० × १२३२ ची वाययूव्ही ४:२:० फ्रेम सुमारे ३.०३ मेगाबाइटची, म्हणजे ३० फ्रेमना सेकंदाला ९१ मेगाबाइट लिहायचे आणि तेवढेच पुन्हा वाचायचे. एखाद्या स्थिर चित्रासाठी हे चालते, अखंड व्हिडिओला जड जाते. एकाच वेळी रेकॉर्डिंगला ७२० ओळी आणि वस्तू ओळखणाऱ्या मॉडेलला लहान प्रतिमा लागली, तरी आयएसपीचीच बाजू वरचढ राहते; रास्पबेरी पायचा आयएसपी एका फ्रेममधून दोन मापांच्या प्रतिमा देतो. सेन्सरने आधीच लहान माप गाठले असते, तर रेकॉर्डिंगसाठी काही उरलेच नसते.