गोमुख उंच का असते?

वाचकहो, नळाची तोटी सोडली की पाणी बाहेर येते, एवढे आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच तोटीतून बाहेरचे पाणी आत शिरू शकते असे कुणी म्हटले, तर आपण चटकन म्हणू, "काहीतरीच काय सांगता!" पाणी उलटे कसे जाईल? पण ते जाते. गेल्या शतकात अशा उलट्या पाण्याने मोठमोठ्या शहरांत माणसे आजारी पाडली आहेत, काही मारलीही आहेत. आता आपल्या खेड्यापाड्यांतून अंगणात नळ आले आहेत. म्हणून ही हकीकत आपणही जाणून घेतली पाहिजे.

प्रथम थोडे मागे जाऊ. नदीकाठच्या गावात एक जुना शिरस्ता असे. वरच्या अंगाला पिण्याचे पाणी भरायचे, त्याखाली गुरे पाजायची, आणि सर्वांत खाली धुणे. हा शिरस्ता कुणा डॉक्टरने घालून दिला नव्हता. पाणी उताराने जाते, मागे फिरत नाही, या अनुभवावर तो उभा होता. आपली तापी प्रकाशाला येण्याआधी ज्या बुऱ्हाणपुरावरून वाहत येते, ते मोगल अमदानीत खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. तिथे १६१५ च्या सुमारास डोंगराच्या पायथ्याचे पाणी भुयारातून शहरात आणले गेले. त्या भुयारावर ठिकठिकाणी विहिरीसारख्या उघड्या कुंड्या आहेत. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणले, ते शहरातल्या हौदांत पडत असे. आणि जुन्या कुंडावरचे गोमुख तर आपण सर्वांनीच पाहिले आहे. धार वरून पडते, कुंड खाली असते, मध्ये वीतभर तरी मोकळी जागा. कुंडातले पाणी कितीही गढूळ झाले, तरी ते उडी मारून गोमुखात काही शिरत नाही!

मग बंद नळांचा काळ आला. १८५४ च्या टंचाईने मुंबईचे डोळे उघडले आणि १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी लोखंडी नळांतून शहरात आले. सोय मोठी झाली यात शंका नाही. परंतु बंद नळाचा स्वभाव उघड्या पाटाहून निराळा. पाटातले पाणी फक्त उतार जाणते. नळातले पाणी दाब जाणते. जिकडे दाब कमी, तिकडे ते जाणार, मग ती दिशा पुढची असो की मागची.

हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. विहीर खोल गेली की पंप काठावर ठेवून चालत नाही, तो खाली उतरवावा लागतो. का बरे? कारण पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो खरे, पण वस्तुतः बाहेरची हवा पाण्याला वर ढकलत असते. हवेला वजन आहे, हे तॉरिचेल्ली नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीने दाखवून दिले. ही हवा पाण्याला फार तर दहा मीटर, म्हणजे सुमारे चौतीस फूट, उचलू शकते. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. आता ध्यानात घ्या: नळात दाब आहे तोवर पाणी बाहेर येईल. दाब गेला, नळ रिकामा होऊ लागला, की हीच बाहेरची हवा तोटीपाशी जे काही असेल ते आत ढकलील. तोटी मोकळी असली तर हवाच आत जाईल, काही बिघडत नाही. पण तोटीचे तोंड घाण पाण्यात बुडालेले असले, तर ते घाण पाणी आत जाईल.

१९३३ साली अमेरिकेत शिकागो शहरी मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. दोन मोठ्या हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांना आमांशाने गाठले. रोग उशिरा प्रकट होणारा, त्यामुळे माणसे आपापल्या गावी पोचल्यावर आजारी पडली, आणि मूळ शोधायला वेळ लागला. त्या साथीत ९८ माणसे दगावली. शोधाअंती आढळले की हॉटेलांच्या जुन्या जोडण्यांत पिण्याचा नळ आणि सांडपाणी यांचा संबंध येत होता.

दुसरी हकीकत आपल्याच राजधानीची. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पात्रात बदल झाला आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी मागे सरकून वझिराबादच्या पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत गेले. वर पिण्याचे, खाली सांडपाणी, हा आपला जुना शिरस्ता नदीनेच मोडला म्हणा ना! डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. क्लोरिन जास्त घातले होते. त्यामुळे विषमज्वर आणि हगवण वाढली नाही, पण कावीळ थांबली नाही. त्या काविळीचा विषाणू, ज्याला आज हिपॅटायटिस 'ई' म्हणतात, शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला तो १९८३ मध्ये. हा रोग गरोदर स्त्रियांना विशेष घातक असतो, ही गोष्ट घरोघरी माहीत असली पाहिजे.

तिसरी हकीकत तर थेट अंगणातल्या नळाची. १९६९ च्या ऑगस्ट अखेरीस अमेरिकेत वूस्टर गावी होली क्रॉस महाविद्यालयाचा फुटबॉल संघ मैदानावर सराव करीत होता. खेळाडू मैदानाकडच्या नळाचे पाणी पीत. त्याच वाहिनीवर मैदानाला पाणी देण्याच्या तोट्या जमिनीखालच्या खड्ड्यांत बसवलेल्या होत्या आणि त्या खड्ड्यांत पाणी साचे. जवळच्या घरातली काविळीची लागण झालेली मुले तिथे खेळत. एके दिवशी शेजारी आग लागली, बंबांनी भराभर पाणी खेचले, वाहिनीतला दाब पडला, आणि खड्ड्यातले पाणी नळात शिरले. संघातील सुमारे ९० जणांना लागण झाली. दोन सामने झाल्यावर त्या वर्षीचे उरलेले सामने रद्द करावे लागले.

आता कुणी म्हणेल, "हे परदेशातले झाले, आमच्या नंदुरबारचे काय?" सांगतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाले. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरच्या नळाने द्यायचे, हे त्याचे उद्दिष्ट. गोष्ट चांगलीच आहे. पण तिथे आगीचा बंब क्वचित यायचा, आणि आपल्याकडे दाब रोज पडतो! पाणी तास-दोन तास येते, मग चावी बंद होते. वाहिनीतले पाणी उताराच्या घरांकडे निघून जाते आणि वरच्या आळीतला नळ आत ओढू लागतो.

अशा वेळी तोटीपाशी काय असते ते पाहा. कुणी पाणी जोरात यावे म्हणून खड्डा खणून नळ खाली घेतलेला असतो, त्या खड्ड्यात भांडी धुतलेले पाणी साचते. कुणाची रबरी नळी गुरांच्या हौदात बुडवून ठेवलेली असते. शहाद्याकडे पपई आणि कापूस, नंदुरबारकडे मिरची. फवारणीचे दिवस आले की औषध कालवलेल्या पिंपात नळी तशीच सोडलेली असते. त्यात शेजाऱ्याने नळाला थेट मोटर लावली, तर मग विचारूच नका. मोटर पाणी ओढते ते केवळ टाकीतले नव्हे. वाटेतल्या प्रत्येक उघड्या तोंडातले आणि फुटक्या सांध्यातले ओढते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला उपाय गोमुखाचा: तोटीचे तोंड हौदाच्या, पिंपाच्या, बादलीच्या काठाहून वर असू द्यावे. नळाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर हवे, आणि इंचाहून कमी कधीच नको. खेड्यात मी तर वीतभर म्हणेन. दुसरे, काम झाले की रबरी नळी काढून गुंडाळून टांगावी. तिसरे, नळ खड्ड्यात घेऊ नये. पाणी चढत नसेल तर ग्रामपंचायतीकडून चाव्यांची वेळ आणि वाटणी नीट करून घ्यावी. चौथे, मोटर वाहिनीला लावू नये. पाणी आधी घरच्या टाकीत पडू द्यावे आणि तिथून चढवावे. पाचवे, पंपाला जसा फूटव्हॉल्व्ह असतो, तसा पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह जोडणीवर बसवता येतो, आणि नळीच्या तोंडाशी हवा घेणारी छोटी जोडणीही मिळते. पण व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकतो, रबर झिजते. मधली मोकळी हवा झिजत नाही! आणि सहावे, पाणी आल्यावर पहिला गढूळ लोंढा पिण्यासाठी भरू नये.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते. टेबलावर हळदीच्या पाण्याचे भांडे ठेवा, खाली रिकामी बादली. रबरी नळी साध्या पाण्याने भरून दोन्ही तोंडे अंगठ्यांनी दाबा. एक तोंड हळदीच्या पाण्यात बुडवून, दुसरे बादलीत धरून सोडा. पिवळे पाणी काठ चढून खाली उतरेल. पुन्हा तसेच करा, पण या वेळी वरचे तोंड पाण्याच्या बोटभर वर धरा. नळीतले पाणी खाली पडेल, हळदीचा थेंबही येणार नाही. मुलांना नियम तोंडपाठ करून देण्याची गरज उरणार नाही. संध्याकाळी घरी जाऊन तीच हौदातली नळी बाहेर काढतील.

ज्याने पहिले गोमुख घडवले, त्याला विषाणू ठाऊक नव्हता, हवेचा दाबही ठाऊक नव्हता. पण देणारे तोंड घेणाऱ्या भांड्याच्या वर असावे, एवढे त्याने जाणले होते. आज आपल्या अंगणात तेच तोंड पितळेचे किंवा प्लॅस्टिकचे आले आहे, एवढाच फरक. त्याला त्याची उंची द्या.