देवळातला अजगर आणि खुरटे पिलू

अजगर म्हटला की शेळी गिळून सुस्त पडलेले धूड आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण ज्या अजगराची ही हकीकत आहे, तो पुरता वाढला तरी तीन-चार फुटांचा असतो, आणि भ्याला म्हणजे डोके मधे घालून अंगाचा चेंडू करून बसतो. 'बॉल पायथन' हे त्याचे नाव त्यावरूनच पडले. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात, समुद्राजवळच्या विदा गावी, त्याचे देऊळ आहे. समोर ख्रिस्ती लोकांचे मोठे चर्च आणि अलीकडे या डांगबे देवाचे ठाणे! रात्री हे साप भक्ष्य शोधायला मोकळे सुटतात. एखादा कोणाच्या घरात शिरलाच, तर घरची माणसे त्याला आदराने उचलून देवळात पोचवतात. नागपंचमीला पाटावर नाग काढून त्याला दूध-लाह्या वाहणाऱ्या आपल्या घरांना याचे नवल वाटू नये.

हा मान किती जुना, ते विलेम बोसमन या डच व्यापाऱ्याच्या लिखाणावरून कळते. विदा हे तेव्हा गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर होते. १७०४ साली निघालेल्या आपल्या पुस्तकात तो सांगतो की, १६९७ मध्ये एका डुकराने असा साप खाल्ला. पुजारी राजाकडे धावले आणि डुकरांच्या कत्तलीचा हुकूम सुटला. माणसे बोटीत कोंबून विकली जात होती त्याच बंदरात सापाच्या केसालाही धक्का लागत नव्हता. (सापाला केस नसतात, हे वाचकांनी सांभाळून घ्यावे.) पण १७२७ साली दाहोमीचा राजा अगाजा याने विदा जिंकले. इंग्रज कप्तान विल्यम स्नेलग्रेव्ह लिहितो की, विजयी शिपायांनी साप हातात धरून, देव असाल तर बोला, असे त्यांना बजावले, आणि ते बोलेनात तेव्हा भाजून खाल्ले. एवढे होऊनही पूजा बुडाली नाही. दाहोमीच्या पुढच्या राजांनी ती चालू दिली.

१८०२ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने या सापाला शास्त्रीय नाव दिले, त्यात 'राजेशाही' अशा अर्थाचा शब्द घातला. पुढे मात्र या राजाच्या नशिबी पेटी आली. टोगो, घाना आणि बेनिन या देशांतून तो हजारोंनी अमेरिका-युरोपात जाऊ लागला. रानात तो उंदरांच्या बिळांत आणि वाळव्यांच्या वारुळांत राहतो. तिथून गाभण माद्या खणून काढायच्या, अंडी उबवायची आणि पिले परदेशी धाडायची, असा तिकडचा रिवाज पडला. १९९२ साली पिंजऱ्यातच पांढरे-पिवळे पिलू जन्मले आणि रंगांचा बाजार तेजीत आला. त्या बाजाराचा पाय आपल्यापर्यंतही पोचला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले ११ साप सापडले. त्यांतले ९ या जातीचे होते.

आता खुरट्या पिलाकडे येऊ. मादी एका वेळी चार ते दहा अंडी घालते आणि सुमारे दोन महिने त्यांच्याभोवती घट्ट वेटोळे घालून बसते. ती ऊब देत असेल, असे आपण सहज म्हणून जातो. पण या शतकाच्या आरंभी टोगोमध्ये संशोधकांनी मादीला अंड्यांवरून दूर करून पाहिले. वेटोळे सुटले की अंड्यांतले पाणी उडून जाते आणि निघणारी पिले अंगाने लहान भरतात, असे त्यांना आढळले. म्हणजे आईची मिठी ही उबेपेक्षा ओलाव्याची राखण होती! अंडी काढून नेणाऱ्याला ती राखण स्वतः करावी लागते, आणि तो चुकला की भरपाई पिलू करते. कधी एकाच अंड्यात जुळे असते, तेव्हाही दोघे वाट्याने लहान होतात.

नेहमीचे पिलू ५०-६० ग्रॅमचे असते. खुरटे ३० ग्रॅमचेही असू शकते. त्याच्यापुढे उंदराचे नेहमीच्या आकाराचे पिल्लू ठेवले तर ते चेंडू होऊन बसते, आणि नवखा मालक घाबरून जबरदस्तीने त्याच्या तोंडात घास कोंबतो. माझ्या मते निम्मे अपघात इथेच होत असावेत. जाणते लोक आधी पहिली कात टाकू देतात. मोठी पेटी बदलून लहान देतात, आत अंग दोन्ही बाजूंना टेकेल अशी लपायची जागा ठेवतात, कारण बिळात राहणाऱ्याला ऐसपैस जागा म्हणजे उघडे माळरान. एक कोपरा ३१-३२ अंशांवर ठेवायचा, पाणी ताजे, हवा दमट. मग नुकते जन्मलेले, बोटाच्या पेराएवढे उंदराचे पिल्लू संध्याकाळी ठेवून दिवा घालवायचा आणि खोलीतून निघून जायचे. नाही खाल्ले तर आठवडाभर त्याला हातही लावायचा नाही. हे शेवटचे सगळ्यांत कठीण.

काही पिले तरीही जात नाहीत पुढे. पण जे एकदा खाऊ लागते, ते बहुधा वर्षा-दोन वर्षांत भावंडांच्या जवळपास येते. म्हणून 'कायमचा बुटका अजगर' म्हणून चढ्या भावाने विकणाऱ्याचे बोलणे ऐकून घ्यावे आणि आधी पिलाचे वय विचारावे. तोवर मालकाच्या वहीत दर आठवड्याला एकेक आकडा चढत असतो: ३१, ३१, ३०, मग एखाद्या सकाळी ३४, आणि पेटीत ठेवलेली बशी रिकामी.