शिंपला, राख आणि चुना

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले आणि १६६७ मध्ये ते पुरे झाले. त्याच्या नागमोडी तटाविषयी, पायात ओतलेल्या शिशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. महाद्वाराजवळच्या दोन लहान घुमट्यांत शिवाजी महाराजांच्या हाताचा व पायाचा ठसा दाखवतात. तो ठसा चुन्यात आहे. पाहणारा ठशापुढे हात जोडतो. चुन्याकडे त्याचे लक्ष जात नाही. आपला इतिहासही असाच दगडाचा आणि आज्ञेचा लिहिला गेला. दगडाला दगड जोडणारे द्रव्य त्यातून निसटले, आणि त्याबरोबर टाकाऊ वस्तूंकडे पाहण्याची एक दृष्टीही निसटली, असे आम्हांला वाटते.

जांभ्याच्या या किनारपट्टीत चुनखडीचे मोठे साठे नाहीत. शिंपले मात्र विपुल. कालवे, तिसऱ्या, खुबे यांतले मांस खाऊन झाले की उरते ते कवच, म्हणजे मुख्यतः चुनखडीचेच द्रव्य. ते भट्टीत भाजायचे, पाणी मारून विझवायचे आणि वाळू घालून बैलांच्या घाणीत दळायचे, ही कोकण किनाऱ्यावरील जुनी रीत. जिथे ओल अधिक, तिथे चुन्यात सुर्खी मिसळत. सुर्खी म्हणजे फुटक्या विटांची पूड. भाजलेल्या मातीतील सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि पाण्यातही घट्ट होणारा बंध तयार होतो. रोमन लोकांनी नेपल्सच्या उपसागराकाठची ज्वालामुखीची राख वापरून बंदरे बांधली, त्यामागचे रसायन हेच.

राखेचा उल्लेख आला म्हणून ‘आज्ञापत्रा’ची आठवण होते. रामचंद्रपंत अमात्यांचा हा ग्रंथ आपण राजनीतीसाठी आणि गद्यशैलीसाठी शिकवतो. त्यात गडावरील केराविषयीही सूचना आहे: झाडलेला केर गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून भाजीपाला करावा. येथे केर ही वस्तूची अखेरची अवस्था नाही. ती पुढच्या कामाची सामग्री आहे.

हा क्रम तुटला तो सिमेंटच्या युगात. जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे शतकभरात घाणी थंडावल्या. सिमेंट लवकर घट्ट होते, भार पेलते, मजले चढवू देते. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण त्याची किंमतही आज ठाऊक आहे. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ८ टक्के वाटा सिमेंटचा, आणि त्यातला निम्म्याहून अधिक इंधनाचा नव्हे, तर भाजल्या जाणाऱ्या चुनखडीचाच. शिवाय खाऱ्या हवेत क्षार काँक्रीटमध्ये झिरपतात, आतली सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही.

आणि आता विज्ञान पुन्हा राखेकडे वळले आहे. औष्णिक वीजकेंद्रांतील फ्लाय ॲश आणि लोखंडाच्या झोतभट्टीतील दळलेली मळी सिमेंटचा काही भाग वाचवतात. फ्लाय ॲशच्या सिमेंटमध्ये तिचे प्रमाण भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के असते. योग्य प्रमाणात घातल्यास व पाणी नीट मारल्यास काँक्रीट अधिक घट्ट होते आणि क्षारांचा शिरकाव मंदावतो. या भातपिकाच्या जिल्ह्याला जवळची वस्तू म्हणजे तूस. १०० किलो भातामागे साधारण २० किलो तूस आणि ते जाळल्यावर सुमारे ४ किलो राख मिळते. तिच्यात ८५ ते ९० टक्के सिलिका असते. मात्र ज्वलन साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या खाली राखावे लागते. उष्णता फार वाढली की सिलिकेचे स्फटिक होतात आणि ती चुन्याशी सहज संयोग पावत नाही. भातगिरणीमागे पेटवलेल्या ढिगाची राख म्हणूनच थेट कामाची नसते.

तरीही या साम्याने भारावून जाऊ नये. शिंपला आणि फुटकी वीट या घराजवळच्या, आधीच झालेल्या उपयोगातून उरलेल्या वस्तू होत्या. फ्लाय ॲशमागे जळणारा कोळसा आहे, आणि तिच्या तलावांशेजारी राहणारी गावेही आहेत. राखेला गिऱ्हाईक मिळाले म्हणून कोळसा निर्दोष ठरत नाही. जुन्या व्यवस्थेतही भट्टीला लाकूड लागे आणि घाणीमागे फिरणाऱ्यांचे श्रम अनामिक राहिले. टाकाऊ वस्तू कोणाच्या कष्टातून आली आणि तिचा धूर कोणाच्या घरात गेला, हे प्रश्न दोन्ही काळांना विचारले पाहिजेत.

वर्गात ‘घाणी’ म्हटले की विद्यार्थ्यांना तेल आठवते; ‘सुर्खी’चा अर्थ कोशात शोधावा लागतो. शब्द कोशात उरले, पण त्यांमागचे हाताचे ज्ञान उरले नाही. आणि आज तेच ज्ञान प्रयोगशाळेतून, नव्या परिभाषेत, आपल्याकडे परत येत आहे. भाषेच्या अध्यापकांनी निदान त्याची जुनी नावे सांगावीत. सिंधुदुर्गावरील ठसा दाखवताना तो ज्या चुन्यात उमटला, त्याचीही ओळख करून द्यावी.