मातीचे मावळे आणि मंगळावरचा किल्ला

दिवाळीची सुटी लागली की साताऱ्यात आणि सांगलीत अंगणाअंगणांतून किल्ले उभे राहू लागतात. दगडविटांचा ढीग, त्यावर भिजवलेले गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप, उतारावर पेरलेले हळीव किंवा मोहरी आणि शेवटी बाजारातून आणलेली मातीची चित्रे. सिंहासनावर महाराज, दरवाजात पहारेकरी, वाटेवर मावळे. मोठ्यांच्या लेखी येथे किल्ला पुरा होतो. मुलांचा खेळ मात्र येथून सुरू होतो. शेजारच्या अंगणातली फौज चालून येते आणि थोड्याच वेळात भांडण जुंपते. "तुझा मावळा मेला!" "मेला कसा? तो बुरजाआड होता!"

हे भांडण आपण हसण्यावारी नेतो. पण त्यात एक चांगला प्रश्न दडलेला आहे. मावळा मेला की वाचला हे ठरवायचे कोणी, आणि कशाच्या आधारावर? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना गेल्या सुमारे अडीचशे वर्षांत युद्धखेळ नावाचा एक वेगळाच प्रकार घडत गेला. टेबलावर छोटे शिपाई मांडून आज परग्रहांवरच्या लढाया खेळल्या जातात, त्यांचे मूळ याच प्रश्नात आहे. हा इतिहास आपण थोडक्यात पाहू आणि वर्गात असा खेळ कसा सुरू करता येईल याचाही विचार करू.

बुद्धिबळाच्या पटावरून

युद्धाचा जुना आणि परिचित खेळ आपल्याच देशातला. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगे : हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. त्यातून पुढे आजचे बुद्धिबळ आले. सांगलीला या खेळाची मोठी परंपरा आहे. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे महाराष्ट्रातील बुद्धिबळपटूंना सांगलीची वाट चांगली ठाऊक झाली.

बुद्धिबळात "मेला की नाही" हा वाद होतच नाही. घोडा त्या घरात पोचला की तेथले प्यादे उठले. पण ही स्पष्टता मिळवण्यासाठी बुद्धिबळाने बरेच काही सोडून दिले आहे. दोन्ही सैन्ये सारखी, जमीन सपाट, शत्रूची प्रत्येक सोंगटी डोळ्यांसमोर, आणि नशिबाला जागा नाही. खऱ्या रणांगणात यांतले काहीही नसते.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला तो एका शिक्षकाने. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे गणित शिकवणारे योहान हेल्विग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट वाढवून दीड हजारांहून अधिक घरांचा केला. घरांना वेगवेगळे रंग देऊन त्यांनी डोंगर, पाणी, दलदल दाखवली. विद्यार्थ्यांना युद्धशास्त्राची तत्त्वे खेळातून कळावीत, हा त्यांचा हेतू होता. पटावर भूगोल आला तो असा.

फासा आणि पंच

पुढचे पाऊल प्रशियातील राइस्विट्झ पितापुत्रांचे. वडिलांनी १८१२ मध्ये राजाला एक टेबल भेट दिले. त्यावर प्लास्टरचे चौकोनी तुकडे हवे तसे जुळवून टेकड्या, नद्या, गावे मांडता येत. मुलगा सैन्यात अधिकारी होता. त्याने १८२४ मध्ये घरे काढून टाकली आणि १ : ८००० प्रमाणाचा नकाशा वापरला. एक फेरी म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे. दोन मिनिटांत पायदळ किती चालेल, तोफ किती अंतरावर किती नुकसान करील, याची कोष्टके त्याने केली.

त्याच्या दोन कल्पना विशेष महत्त्वाच्या. पहिली फाशाची. तोफेचा गोळा दर वेळी सारखेच नुकसान करीत नाही. सरासरी ठाऊक असली तरी एका गोळ्याचे काय होईल हे सांगता येत नाही. ही अनिश्चितता त्याने फाशाच्या रूपाने खेळात आणली. दुसरी कल्पना पंचाची. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला देणार. जासूद पोचायला लागणारा वेळ धरून पंच ते अमलात आणणार आणि जे खरोखर दिसेल तेवढेच पटावर मांडणार. प्रशियाच्या सैन्याने हा खेळ प्रशिक्षणासाठी स्वीकारला आणि पुढे तो जगभरच्या सैनिकी शाळांतून पसरला.

वेल्स यांची छोटी लढाई

हा खेळ सैन्याच्या दालनातून घराच्या जमिनीवर आणला एका विज्ञानकथाकाराने. 'टाइम मशीन' (१८९५) आणि 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक प्रसिद्ध केले. खेळण्यातले शिपाई, पुस्तकांच्या आणि ठोकळ्यांच्या टेकड्या, आणि स्प्रिंगने लाकडी गोळी उडवणारी छोटी तोफ. नियम अगदी मोजके. पायदळाने एका खेपेस एक फूट चालावे, घोडदळाने दोन फूट. तोफेच्या गोळीने जो शिपाई पडला तो मेला. हातघाईत दोन्हीकडचे सारखेच शिपाई बाद करावेत.

यातील शेवटचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. दहांच्या तुकडीला सहा जण भिडले तर सहा आणि सहा गेले, उरले चार. साधी वजाबाकी. पण सगळ्या लढायांत ती खरी ठरते का?

दहा वजा सहा म्हणजे आठ

या प्रश्नाला गणिती उत्तर दिले ते फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने. १९१४ मध्ये त्यांनी ते लेखांतून मांडले आणि १९१६ मध्ये पुस्तकरूपाने आणले. त्यांचे म्हणणे असे. अरुंद जागी एकास एक अशी लढाई होते तेव्हा वजाबाकी बरोबर. पण उघड्या मैदानात, बंदुकांनी, सगळेच सगळ्यांवर नेम धरू शकत असतील तर मोठ्या तुकडीला दुहेरी फायदा होतो. तिच्याकडून गोळ्या जास्त सुटतात आणि तिच्यातील प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या गोळ्या कमी असतात. म्हणून येथे संख्येऐवजी संख्येच्या वर्गाची वजाबाकी करावी लागते. १०० वजा ३६ म्हणजे ६४, आणि त्याचे वर्गमूळ ८. दहांतले आठ वाचतात!

हे विद्यार्थ्यांना फाशाने पडताळून पाहता येते. मैदानासाठी प्रत्येक फेरीत दोन्ही बाजूंनी आपल्या जिवंत शिपायांइतके फासे टाकावेत. जितके सहा पडतील तितके समोरचे शिपाई बाद. दोन्ही बाजूंचे फासे टाकून झाल्यावरच शिपाई उचलावेत. खिंडीसाठी एकास एक फासा टाकावा. ज्याचे दान लहान तो बाद, बरोबरी झाल्यास पुन्हा टाकावे. प्रत्येक प्रयोग वीस-वीस वेळा करून उरलेल्या शिपायांची सरासरी काढावी. मैदानात ती आठाच्या आसपास आणि खिंडीत चाराच्या आसपास येऊ लागेल. एखाद्या डावात ती बरीच वेगळीही येईल, आणि हा फरक का पडतो यावरची चर्चाच सर्वांत मोलाची.

आता सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले त्यात धैर्य, गुप्तता आणि नियोजन यांचा वाटा मोठा होता, तो कोणत्याही सूत्रात बसत नाही. पण मोठ्या फौजेला जावळीच्या दाट रानात आणि अरुंद वाटांवर आणण्याने काय साधते, हे वरच्या दोन सरासऱ्या शेजारी शेजारी लिहिल्या की सहावीतल्या मुलालाही कळते.

साताऱ्याचा सुरुंग

फाशावर काही शिक्षकांचा आक्षेप असतो. इतिहास काय नशिबाने घडतो, असे ते विचारतात. त्यांना अजिंक्यताऱ्याच्या वेढ्याची आठवण द्यावीशी वाटते. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने साताऱ्याला वेढा घातला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली दोन सुरुंग उडवले. पहिल्याने आतील शिबंदीची हानी झाली. दुसऱ्याने मात्र बुरूज बाहेरच्या बाजूला कोसळला आणि हल्ल्यासाठी दाटीने उभ्या असलेल्या मोगल सैन्यावरच पडला. सुमारे दोन हजार माणसे त्यात गेली. दारू तीच, तट तोच, पण दगड कोणत्या बाजूला पडतील ते कोणाला सांगता आले नाही. एवढे होऊनही काही दिवसांतच किल्ला मोगलांच्या हाती गेला. म्हणजे एक दान उलटे पडले, तरी डावाचा निकाल बदलला नाही.

मग एखादे दान निकाल बदलते का? या प्रश्नावर मराठीतली एक गाजलेली विज्ञानकथा उभी आहे. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत १७६१ सालच्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी दुसऱ्या एका जगात त्यांना चाटून जाते, आणि तेथील इतिहास वेगळ्या वाटेने जातो. नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले होते. युद्धखेळ आणि विज्ञानकथा यांचा जिव्हाळ्याचा प्रश्न एकच : "असे झाले असते तर?"

फासा नाकारला तर

खेळाचे नियम लिहून ठेवणे सोपे, पण आपल्याविरुद्ध गेलेला निकाल मानणे कठीण. १९४२ च्या मे महिन्यात जपानी नौदलाने मिडवे बेटावरील नियोजित हल्ल्याचा टेबलावर सराव केला. फाशांनी कौल दिला की, शत्रूच्या विमानांचे नऊ बाँब लागून दोन विमानवाहू जहाजे गमावली. अॅडमिरल उगाकी यांनी नऊचे तीन करायला लावले. एक जहाज बुडाले असे मानले गेले, आणि पुढच्या मोहिमेच्या खेळात तेही पुन्हा तरंगू लागले! युद्धानंतर जपानी नौदलाच्याच अधिकाऱ्यांनी हे लिहून ठेवले आहे. जूनमधील खऱ्या लढाईत जपानने चार विमानवाहू जहाजे गमावली.

फाशाने भविष्य सांगितले, असा याचा अर्थ नव्हे. त्याने एक शक्यता दाखवली होती. ती नको म्हणून पुसली गेली, ही खरी चूक. प्रयोगशाळेत "अपेक्षित" उत्तर यावे म्हणून वाचन बदलणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट जरूर सांगावी.

मंगळावरचा किल्ला

१९८७ मध्ये इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉप या कंपनीने रिक प्रीस्टली यांनी रचलेला 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ आणला. दूरच्या भविष्यकाळातील सैन्ये, परग्रह, रंगवलेले बोटभर उंचीचे शिपाई. पण हाडापेशी पाहिले तर राइस्विट्झ यांचेच घटक दिसतात : मोजपट्टी, फासा, कोष्टक; आणि सुरुवातीच्या नियमांत पंचही. असे तयार संच महाग असतात. आपल्याला त्यांची गरज नाही. दिवाळीचा किल्ला आणि मातीचे मावळे पुरेसे आहेत.

सुरुवातीला प्रत्येकी दहा मावळे, एक पंच, एक फूटपट्टी, एक फासा घ्यावा. सपाटीवर चाल १५ सें.मी., चढावर निम्मी. बंदुकीचा पल्ला ३० सें.मी. उघड्यावरचा मावळा ५ किंवा ६ पडल्यास बाद, तटाआडचा फक्त ६ पडल्यास. मुले एक-दोन डाव खेळली की विचारावे, "हाच किल्ला मंगळावर असता तर कोणते नियम बदलावे लागतील?"

मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ०.३८ पट आहे. त्याच वेगाने, त्याच कोनातून सुटलेल्या गोळ्याचा पल्ला, हवेचा रोध सोडल्यास, गुरुत्वाकर्षणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून ३० चे सुमारे ८० सें.मी. होतील. मशाल पेटणार नाही, कारण हवा अतिविरळ आणि बहुतांशी कार्बन डायॉक्साइडची. तोफ मात्र उडेल, कारण दारूतील सोरा स्वतःच ऑक्सिजन पुरवतो. ४० किलोग्रॅमच्या मुलाचे वजन पृथ्वीवरील १५ किलोग्रॅमच्या वस्तूइतके भासेल, पण वस्तुमान तेवढेच राहील. म्हणून उडी लांब जाईल, तरी धावताना एकदम थांबणे सोपे होणार नाही. आणि सेनापती पृथ्वीवर असेल तर? रेडिओ संदेशाला मंगळापर्यंत पोचायला सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. राइस्विट्झ यांचा दोन मिनिटांच्या फेरीचा हिशेब घेतला तर सहा मिनिटांच्या अंतरावरून निघालेला हुकूम तीन फेऱ्या उशिरा पोचेल. पंचाने चिठ्ठ्या तितका वेळ राखून ठेवाव्यात.

प्रत्येक नियमापुढे त्याचे कारण लिहायला लावावे. "मला वाटते म्हणून" हे कारण चालणार नाही.

मुलांना युद्ध खेळायला लावावे का, ही शंका रास्त आहे. वेल्स यांनाही ती होती. मोठे युद्ध हे फार महाग आणि मूर्खपणाचे असते, हे टेबलावरची छोटी लढाई खेळणाऱ्याला चटकन कळते, असे त्यांचे मत होते. त्यांच्या पुस्तकानंतर वर्षभरात पहिले महायुद्ध पेटले, म्हणजे ते मत फार दूरवर पोचले नाही. आपण एवढे करू शकतो : डाव संपल्यावर बाद झालेले मावळे एका बाजूला ओळीने उभे करावेत, मोजावेत, आणि मग विचारावे की, किल्ला घेतला खरा, पण किती जणांच्या बदल्यात? ती संख्या निकालाच्या शेजारी वहीत लिहायला लावावी.