डबा विसरला तर विसरू द्या

मूल शाळेचा डबा घरी विसरलं तर धावत जाऊन पोचवू नका. जेवायला पाचदा हाका मारू नका, एकदाच मारा. भावंडं भांडत असतील तर न्यायाधीश होऊ नका. आजचा कुठलाही फॅमिली थेरपिस्ट हे सांगतो, आणि तीस सेकंदांच्या रीलमध्ये सांगतो. ऐकताना वाटतं, नव्या पिढीचं नवं शास्त्र आहे. मी त्याचा माग काढत मागे गेले, तेव्हा पोचले ती शंभर वर्षांपूर्वीच्या व्हिएन्नात.

१९१८ साली पहिलं महायुद्ध संपलं. ऑस्ट्रियाचं साम्राज्य कोसळलं, सम्राट गेला, प्रजासत्ताक आलं, बायकांना मताचा हक्क मिळाला. शहर उपाशी होतं, कित्येक घरांतले बाप युद्धावरून परतलेच नव्हते. अशा वेळी नगरपालिका सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या हाती आली आणि तिने कामगारांसाठी घरं, दवाखाने बांधायला घेतले. ओटो ग्लोकेल या सुधारकाने घोकंपट्टीच्या शाळांना हात घातला. आणि त्या शाळांमध्ये आल्फ्रेड ॲडलर या डॉक्टरने पालकांसाठी सल्लाकेंद्रं उघडली.

ॲडलर एकेकाळी फ्रॉइडच्या वर्तुळातला. १९११ मध्ये तो बाहेर पडला. त्याचं म्हणणं साधं होतं: मूल असं का वागतंय हे कळायला त्याला घरात, भावंडांत, वर्गात पाहा. त्यामुळे त्याच्या केंद्रात बंद खोली नव्हती. शिक्षक, इतर पालक समोर बसलेले. आधी शिक्षक मुलाची हकीकत सांगणार, मग आईशी बोलणं, मग मुलाशी. चार लोकांसमोर घरचं काढायचं, हे आपल्याला आजही पचणार नाही, मलाही खटकलंच. पण त्यामागचा विचार असा की, पोरगं ऐकत नाही ही एका आईची लाज नव्हे, सगळ्यांचा प्रश्न आहे. समोर बसलेली दुसरी आईही काही शिकूनच घरी जायची.

सगळेच काही भारावले नव्हते. पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला कार्ल पॉपर तरुणपणी या कामात मदत करायचा. १९१९ मध्ये त्याने ॲडलरला एका मुलाची केस सांगितली. ॲडलरने मुलाला न पाहताच निदान केलं. इतकी खात्री कशी, या प्रश्नावर उत्तर आलं की हजार केसेसचा अनुभव आहे. पॉपर म्हणाला, म्हणजे आता एक हजार एक झाल्या! प्रत्येक वागण्याला तयार स्पष्टीकरण असणाऱ्या शास्त्राबद्दलचा त्याचा संशय पुढे त्याच्या तत्त्वज्ञानात शिरला. पालकत्वाच्या कुठल्याही तज्ज्ञाला ऐकताना मी हा किस्सा खिशात ठेवते.

व्हिएन्नात अशी पंचवीसहून जास्त केंद्रं झाली. फेब्रुवारी १९३४ मध्ये हुकूमशाही सरकारने कामगारांच्या वसाहतींवर तोफा डागल्या, सोशल डेमोक्रॅट पक्षावर बंदी घातली. त्याच वर्षी केंद्रंही बंद पडली. मुलाशी बरोबरीने बोला असं सांगणारी जागा त्या सरकारला नको असणार, यात मला नवल वाटत नाही. ॲडलर अमेरिकेत स्थायिक झाला आणि १९३७ मध्ये व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला वारला.

त्याचा शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स शिकागोला पोचला आणि डब्याचे सल्ले खरे तिथे आकाराला आले. मूल त्रास देतं तेव्हा त्याला काय हवं असतं हे ओळखायला त्याने सुचवलेली युक्ती मला अजून कामाची वाटते: मुलाकडे नंतर, आधी स्वतःकडे बघा. नुसती चिडचिड होतेय? मग त्याला लक्ष हवंय. ‘बघतेच आता’ असं वाटतंय? मग सत्तेची रस्सीखेच चालू आहे. मनाला लागलं? ते कशाचा तरी सूड घेतंय. हातच टेकावेसे वाटतात? मग मुलानेही आधीच हात टेकलेत.

१९६४ मध्ये व्हिकी सोल्ट्झसोबत लिहिलेल्या ‘चिल्ड्रन : द चॅलेंज’मध्ये तो म्हणतो की, समाजात राजे गेले, नवऱ्याचा हुकूम चालेनासा झाला, मग मुलांनीच तेवढं निमूट का ऐकावं? डबा विसरला तर भूक लागेल, आणि भूकच शिकवेल. आई-बापाने वर ‘बघ, सांगितलं होतं ना’ म्हटलं की ती झाली शिक्षा. रीलमध्ये नेमकं हेच गळतं. ‘परिणाम भोगू दे’ हे वाक्य राहतं, आणि बहुतेक घरांत ते दात-ओठ खात म्हटलं जातं. जुनीच छडी, फक्त तिला थेरपीचा कव्हर.

ड्रायकर्सचा आणखी एक सल्ला होता, तो मात्र फारसा कुणी पुढे पाठवत नाही. आठवड्यातून एकदा घराची बैठक. अध्यक्षपद आळीपाळीने, म्हणजे धाकटीकडेही. तक्रार कुणीही मांडावी, आईबाबांविरुद्धसुद्धा. आणि ठरलेला निर्णय चुकीचा निघाला तरी मोठ्यांनी तो मधेच फिरवायचा नाही. पुढच्या बैठकीपर्यंत सगळ्यांनी, बापासकट, तो निभावायचा.