नार्कोलेप्सी : दिवसा अनावर झोप येण्याचा आजार आणि रोजचे काम

गोंदिया हा धानाचा जिल्हा. दुपारी पोटभर भात खाल्ल्यावर डोळे जड होणे इथे कुणाला नवे नाही. म्हणूनच एखादा तरुण वर्गात, दुकानाच्या गल्ल्यावर किंवा बोलता बोलता झोपी गेला, तर त्याला ‘कुंभकर्ण’ म्हणून सगळे मोकळे होतात. पण रात्री पुरेशी झोप होऊनही हा प्रकार तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ जवळपास रोज घडत असेल, तर तो आळस नसून आजार असू शकतो.

नार्कोलेप्सी म्हणजे काय?

या आजाराला हे नाव १८८० साली गेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी दिले. मेंदूतील ‘ओरेक्सिन’ हे रसायन आपल्याला जागे ठेवण्यास मदत करते. त्याचा शोध १९९८ मध्ये लागला. नार्कोलेप्सीच्या पहिल्या प्रकारात ओरेक्सिन तयार करणाऱ्या बहुतेक पेशी नष्ट झालेल्या असतात. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी, असे मानले जाते. या पेशी परत आणता येत नाहीत. त्यामुळे आजार आयुष्यभर राहतो, पण आटोक्यात ठेवता येतो. सुरुवात बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात होते.

झोपेखेरीज आणखी एक खूण असते. जोरात हसू आले किंवा राग आला की गुडघे लुळे पडतात, मान खाली जाते, हातातली वस्तू सुटते. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. यात शुद्ध हरपत नाही. आजूबाजूचे सगळे ऐकू येत असते. तरीही अनेकदा याला मिरगी समजले जाते. झोप लागताना किंवा जाग येताना शरीर जखडल्यासारखे होणे, छातीवर कुणी बसल्याचा भास होणे हेही यात घडते. मग डॉक्टरांआधी बाहेरची बाधा उतरवणाऱ्याकडे जाण्यात महिने जातात.

निदान कसे होते?

हा आजार दुर्मिळ आहे. युरोप-अमेरिकेत साधारण दोन हजारांत एकाला तो असतो. दिवसा झोप येण्याची जास्त आढळणारी कारणे म्हणजे अपुरी झोप, रात्रपाळी आणि घोरताना श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांच्यात ॲप्नियाही जास्त दिसतो. रक्त कमी असल्याने येणारा थकवा वेगळा आणि अनावर झोप वेगळी, हे डॉक्टरांना नीट सांगावे लागते. दोन आठवडे झोपेच्या वेळांची नोंद ठेवून ती दाखवली तर अर्धे काम होते. रात्रभराची झोपेची चाचणी आणि दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांनी चार-पाच डुलक्यांची चाचणी मोठ्या रुग्णालयात होते. गोंदियाकरांना त्यासाठी बहुधा नागपूर गाठावे लागते.

कामाच्या जागी

औषधांपैकी मोडाफिनिल जास्त वापरले जाते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होतो, ही गोष्ट स्त्रियांना आवर्जून सांगितली जायला हवी. औषधाच्या जोडीला ठरलेल्या वेळी घेतलेल्या १५-२० मिनिटांच्या डुलकीचाही उपयोग होतो. दुपारचे जेवण हलके ठेवल्यानेही फरक पडतो. भात सोडा असे इथे कुणी सांगणार नाही, थोडा कमी वाढून घ्या एवढेच.

काम निवडताना मात्र भिडस्तपणा नको. राईस मिलचा चालता पट्टा, मळणी यंत्र, विजेचा खांब, गाडीचे स्टिअरिंग या जागी दोन सेकंदांची डुलकीही महागात पडते. जिल्ह्यात तलाव पुष्कळ आहेत. एकट्याने पोहणे किंवा डोंग्यातून मासेमारीला जाणे टाळावे. फिरत्या पाळ्यांनी आजार बळावतो, म्हणून कायम दिवसपाळी मागावी. सतत हालचालीचे काम एका जागी बसून करायच्या कामापेक्षा सहसा सोपे जाते. वाहन परवान्यासाठी आपण प्रकृतीबाबत स्वतः सही करून देतो, तेव्हा डॉक्टरांचा सल्ला घेऊनच सही करावी.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांच्या यादीत नार्कोलेप्सीचे नाव नाही. त्यामुळे ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र आणि आरक्षण मिळवणे अवघड आहे. पण दार पूर्ण बंद नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या प्रकरणात लेखनिक देण्याचा आदेश दिला. त्यांना लिहिताना हात आखडण्याचा आजार होता. वाजवी सोयीसाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. याच कायद्याच्या कलम २० नुसार, सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही. त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. खासगी गिरणीत किंवा दुकानात हे संरक्षण एवढे भक्कम नाही. तिथे मालकाशी बोलण्यावरच बरेच अवलंबून असते.

अशा बोलणीत नुसते आजाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी फारशी कामाची नसते. ‘रात्रपाळी नको, दुपारी २० मिनिटे विश्रांती हवी, चालत्या यंत्रावर नेमू नये’ असे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.