भोर समिती आणि औषधपाण्याचा खर्च

कुटुंबाच्या जमाखर्चाच्या वहींत घरभाडें, वाणसामान, मुलांच्या शाळेची फी ह्या साऱ्यांचा अदमास वर्षाच्या आरंभीं करितां येतो. करितां येत नाहीं तो औषधपाण्याचा. चार वर्षें हें सदर जवळजवळ कोरें राहतें, आणि पांचव्या वर्षीं एका दुखण्यांत आधींच्या चारहि वर्षांची शिल्लक धुऊन निघते व अंगावरचा दागिना सराफाच्या दुकानीं जातो. शिवाय ज्या दिवसांत पैशाची गरज सर्वांत अधिक, नेमका त्याच दिवसांत घरचा मिळवता मनुष्य अंथरुणास खिळलेला असतो. हा प्रश्न केवळ गरिबांचा आहे असें समजणारीं सुशिक्षित कुटुंबें पुष्कळ आहेत. त्यांच्यावर तशी पाळी अद्याप आलेली नाहीं, एवढेंच म्हणतां येईल. दुखणाइताच्या उपचाराचा पैसा कोणीं द्यावा, आणि तो दुखणें येण्यापूर्वीं सर्वांकडून गोळा करावा कीं दुखणाइताच्या उशाशीं बसून मागावा, ह्याचें उत्तर प्रत्येक समाजास केव्हां ना केव्हां द्यावेंच लागतें. आपल्या देशांत ह्याचा सांगोपांग विचार होऊन लेखी उत्तर दिलें गेलें तें १९४६ सालीं. त्या उत्तराचें नांव आज मुख्यतः परीक्षेच्या पुस्तकांतून भेटतें. त्यांत काय होतें आणि त्याचें पुढें काय झालें, हें सांगण्याचा आमचा विचार आहे.

१९४३ च्या ऑक्टोबरांत हिंदुस्थान सरकारनें आरोग्याची पाहणी व सुधारणा ह्यांकरितां एक समिती नेमिली. महायुद्ध चालू होतें, बंगाल्यांत दुष्काळानें माणसें रस्त्यावर मरत होतीं. अशा वेळीं सरकारास पुढील तीस-चाळीस वर्षांच्या आरोग्याची चिंता पडलेली पाहून कोणास हसूं आलें असल्यास नवल नाहीं. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे मूळचे नाशिकचे. जन्म १८७८ चा. शिक्षण पुण्यास बिशप्स शाळेंत व डेक्कन कॉलेजांत. पुढें सनदी नोकरी, कोचीनची दिवाणगिरी, व्हाइसरॉयच्या मंडळांत रेल्वे व व्यापार ह्या खात्यांचा कारभार. ते डॉक्टर नव्हते, आणि आमच्या मतें हें बरेंच झालें. कारण ज्या प्रश्नास त्यांनीं हात घातला तो अर्ध्याहून अधिक हिशेबाचा व कारभाराचा प्रश्न होता. वैद्यकाची बाजू सांभाळण्यास बिधानचंद्र रॉय व लक्ष्मणस्वामी मुदलियार ह्यांच्यासारखे नामांकित गृहस्थ समितींत होतेच, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी ना. म. जोशी हेहि होते. आदल्याच वर्षाच्या डिसेंबरांत विलायतेंत सर विल्यम बेव्हरिज ह्यांचा सामाजिक विम्यावरील अहवाल प्रसिद्ध झाला होता. बेव्हरिज ह्यांचा जन्महि बंगाल्यांतील रंगपूरचा, १८७९ चा. ह्या योगायोगास आम्ही अधिक अर्थ चिकटवीत नाहीं. पण तो नमूद करण्याजोगा खास आहे.

अहवालाचे चार खंड आहेत. पैकीं पहिल्यांतील आंकडे आजहि वाचवत नाहींत. हजारीं २२.४ असें मृत्यूचें प्रमाण. जन्मलेल्या हजार बालकांपैकीं १६२ वर्षाच्या आंत दगावत. एकूण मृत्यूंपैकीं जवळजवळ निम्मे दहा वर्षांखालील मुलांचे. जन्मतः अपेक्षित आयुष्य पुरें सत्तावीस वर्षांचेंहि नव्हतें. सुमारें ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर, आणि ४३,००० माणसांमागें एक परिचारिका! रुग्णालयांतील खाटा दर हजार वस्तीस ०.२४, म्हणजे चार हजार लोकांत एक. त्याच काळीं इंग्लंडांत हजारास सातांहून अधिक खाटा होत्या. ह्यावर वाईट गोष्ट अशी कीं, जे थोडे डॉक्टर होते ते बहुतेक शहरांत दाटलेले होते, आणि लोक राहत होते खेड्यांत.

ह्या आंकड्यांवरून समितीनें काढलेला सिद्धांत साधा आहे: पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणीहि मनुष्य पुरेशा उपचारास मुकतां कामा नये. असें वाक्य कोणतीहि समिती लिहील. भोर समितीची थोरवी आम्हांस दिसते ती पुढील विवेचनांत. विलायतेच्या व जर्मनीच्या उदाहरणांवरून विम्याची कल्पना तेव्हां सर्वत्र बोलली जात होती. मजुरानें पगारांतून थोडी वर्गणी द्यावी, मालकानें त्यांत भर घालावी, आणि आजारीपणीं त्या गंगाजळींतून खर्च व्हावा, ही योजना सुटसुटीत खरी. परंतु वर्गणी कापून घ्यावयास आधीं महिन्याचा पगार पाहिजे. ज्या कुळाची मिळकत पावसावर, जो हमाल आज कामावर आणि उद्यां रिकामा, जी बाई शेण्या विकून पोट भरते, त्यांची वर्गणी कोण व कशांतून कापणार? तेव्हां समितीनें असें ठरविलें कीं, सेवा सर्वांस भेदाभेद न करितां विनामूल्य मिळावी, आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनीं आपला वांटा सरकारी व स्थानिक करांच्या वाटेनें द्यावा. पुढेंमागें विमा योग्य वाटल्यास तो विचार त्या वेळच्या सरकारांनीं करावा, एवढी मोकळीक तिनें ठेविली. म्हणजे क्रम असा कीं, आधीं दवाखाना, डॉक्टर व परिचारिका उभ्या करावयाच्या, आणि मग त्यांचा खर्च कोणत्या वाटेनें भागवावा ह्याचा वाद घालावयाचा.

दवाखानाहि जेवढा जवळ होईल तेवढा जवळ हवा होता. शेवटच्या अवस्थेंत दहा ते वीस हजार वस्तीस एक प्राथमिक केंद्र व त्यास पाऊणशें खाटांचें रुग्णालय. तूर्त निदान चाळीस हजारांस एक केंद्र, दोन डॉक्टर, चार आरोग्य परिचारिका, चार सुइणी आणि इतर मंडळी. उपचार आणि रोगप्रतिबंध ह्यांचीं दोन निराळीं दुकानें नसावींत. डॉक्टर पूर्ण वेळ पगारी असावेत व त्यांस खासगी धंद्याची मुभा नसावी. ह्या शेवटच्या कलमाचें पुढें काय झालें, हें वाचकांस सांगण्याची गरज नाहीं.

अहवालास दोन वर्षें होतात न होतात तोंच, १९४८ सालीं, कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. त्याचा पाया प्रा. बी. पी. अदारकर ह्यांच्या १९४४ च्या अहवालानें घातला होता. मजूर खातें तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतें. प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें सुरू झाली. तिची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. यंत्रावर बोट गमावलेल्या कामगारास जेथें मालकाच्या मर्जीकडे पाहावें लागे, तेथें तिनें त्याला हक्क दिला. पण ती योजना होती वीस किंवा अधिक माणसें कामास असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या बारमाही कारखान्यांपुरती. कामगाराच्या बायकामुलांना उपचार मिळूं लागले ते १९५८ पासून. इंग्लंडांत १९११ च्या विम्याच्या कायद्याची हीच कथा होती: विमा मजुराचा, आणि घरचीं माणसें बाहेर. त्या देशानें सदतीस वर्षें ती उणीव भोगून ५ जुलै १९४८ पासून साऱ्या प्रजेस एकच सेवा लागू केली. आपण त्याच वर्षीं त्यांच्या १९११ च्या पायरीवर पाऊल ठेविलें.

आणि खेड्यांतील केंद्रें? तीं १९५२ पासून समाजविकास योजनेबरोबर निघालीं, पण एका विकासगटास एक ह्या मानानें. पुढें तीस हजार वस्तीस, डोंगराळ मुलखांत वीस हजारांस एक, असें माप ठरलें. हें माप कागदावर भोर समितीच्या तात्पुरत्या मापाहूनहि चांगलें दिसतें. मात्र पाऊणशें खाटांच्या जागीं आल्या चार-सहा खाटा, आणि चार परिचारिकांच्या जागीं पुष्कळदां एक, तीहि बदलीच्या खटपटींत. इमारत म्हणजे सेवा असा समज आपल्या राज्यकारभारांत कसा रूढ झाला, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

मधला काळ आम्ही सोडून देतों. अलीकडे पुन्हां विम्याचें युग आलें आहे. महाराष्ट्रांत २०१२ सालीं जीवनदायी योजना निघाली व २०१७ त तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचें नांव मिळालें. केंद्र सरकारची कुटुंबास पांच लाखांपर्यंतची योजना २०१८ च्या सप्टेंबरांत आली. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें आपल्या योजनेचें छत्र सर्व रहिवाशांवर धरण्याचें ठरविलें. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगाचा उपचार ह्यांसाठीं जमीन विकावी लागण्याचा प्रसंग ह्यामुळें कित्येकांचा टळला, हें मान्य केलेंच पाहिजे. सरकारी हिशेबाप्रमाणें आरोग्यावरील एकूण खर्चांत लोकांच्या खिशांतून जाणारा वांटा २०१३-१४ सालीं शेंकडा ६४.२ होता, तो २०२१-२२ सालीं ३९.४ वर आला. परंतु ह्या योजना रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्यापाशीं सुरू होतात. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, रक्तदाबाची महिन्याची तपासणी, लेंकराचा ताप, ह्यांना त्यांच्या यादींत जागा नाहीं. आणि घरची शिल्लक झिजविणारा खर्च बहुतांशीं हाच. जो ताप गांवच्या केंद्रांत दोन दिवसांत उतरला असता, तो तेथें डॉक्टर नाहीं म्हणून वाढतो, जिल्ह्याच्या गांवीं जातो, आणि तेव्हां कोठें विम्याच्या कक्षेंत येतो!

सरकारचा स्वतःचा आरोग्यावरील खर्च २०२१-२२ सालीं राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा १.८४ होता, २०१७ च्या आरोग्य धोरणानें २०२५ पर्यंत तो अडीचवर नेण्याचें ठरविलें होतें. ही तूट भरून निघालीच, तर तो पैसा आणखी एका कार्डावर न जातां आधीं प्राथमिक केंद्रांतील रिकाम्या जागा भरण्याकडे, आणि तेथील औषधांचें कपाट वर्षभर भरलेलें ठेवण्याकडे जावा, असें आमचें मागणें आहे. ज्यांच्या घरीं आजच चांगला विमा आहे अशा आमच्या वाचकांनींहि हें मागणें आपल्या आमदारांपुढें मांडावें. त्यांच्याकडे कामास येणारी बाई, त्यांची गाडी हांकणारा गृहस्थ आणि गांवीं राहिलेले त्यांचे वृद्ध आईबाप, हीं सर्व माणसें त्याच कपाटावर अवलंबून आहेत.